‘बायका तेव्हा घरीच असायच्या’ हे वाचलं आणि राहवलं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाशिकवर लेख आला होता. वाडे, घाट, दुतोंड्या मारुती, तांबट आळीतले ठोके, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, फोटो पण छान होते, सगळं आवडलं. पण मधेच एक वाक्य होतं, की महायुद्ध संपल्यानंतरची ती दहाबारा वर्षं म्हणजे संथ आयुष्य, पुरुष कामाला जायचे आणि बायका तेव्हा घरीच असायच्या. मी चहाचा कप खाली ठेवला आणि मुलाला म्हटलं मला मोबाईलवर मराठी टायपिंग लावून दे. तीन दिवस लागले हे लिहायला, बोट सरकतं आणि भलताच शब्द उमटतो, चुका दिसल्या तर दुरुस्त करून घ्या.

घरी असायच्या म्हणजे काय हो? माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, ती घरीच होती तुमच्या हिशोबाने. नोकरी नाही, संस्था नाही, कुठे फोटो नाही. पण तिच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत, सात वह्या, १९४४ पासून १९५८ पर्यंतच्या. तिवंध्याजवळचा आमचा वाडा पाडायला दिला तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडल्या आणि बिल्डरचा माणूस म्हणाला, काकू रद्दीवाला खालीच उभाय, देऊन टाकू का. मी पदराखाली घेऊन निघाले तिथून. आजोबा मोडीत लिहायचे आणि ती बाळबोध, कारण म्हणे मोडी पोरांना वाचता येणार नाही. चौथी शिकलेली बाई, पण बेरीज कुठे चुकलेली नाही, मी दोन महिने तपासलीय.

आता तो काळ कसला होता ते आधी बघा. लढाई १९४५ ला संपली पण लढाईतली टंचाई काही संपली नाही, उलट १९४६ च्या सुरुवातीला सरकारने माणशी रोजचं धान्याचं रेशन १६ औंसावरून १२ औंसावर आणलं, म्हणजे आजच्या मापात ३४० ग्रॅम. घरात नऊ माणसं. कार्डावर नाव आजोबांचं आणि रांगेत आजी. धान्याची रांग वेगळी, घासलेटची वेगळी, कापडाची वेगळी, आणि एका रांगेत नंबर लावून पिशवी किंवा वीट ठेवायची आणि दुसरीकडे पळायचं, शेजारणीने तोवर वीट सांभाळायची, हा सगळा बायकांचाच कारभार होता. माहेरवाशीण बाळंतपणाला आली की तिची दृष्ट काढायच्या आधी विचारायचे, कार्ड आणलंस ना गं? यात आजीला काही वाईट वाटायचं नाही, ती हसत सांगायची, पण मला मात्र ते ऐकताना कसंतरी व्हायचं.

मग डिसेंबर १९४७ मधे धान्यावरचं कंट्रोल, म्हणजे भावावरचं आणि वाटपावरचं सरकारी नियंत्रण, उठवलं, आजीच्या वहीत त्या पानावर फक्त ‘कंट्रोल गेले’ एवढंच आहे आणि खाली रेघ मारलीय, जशी परीक्षा संपल्यावर मारतात. पुढच्याच पानापासून भाव चढत गेलेत, आणि १९४८ सरायच्या आत कंट्रोल परत. त्यावर तिने काही लिहिलेलं नाही, नुसती पुन्हा औंस आणि शेर यांची वजाबाकी सुरू. लग्नात किती पानं उठवायची यावर सुद्धा सरकारी बंधन होतं. एका लग्नात जेवणावळ दोन वाड्यांत विभागून घातली आणि मधल्या भिंतीतल्या दारातून वाढपी ये-जा करत होते हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मला ते दार स्वतः बघितल्यासारखं वाटतं.

रेशनचं धान्य आणलं म्हणजे काम झालं असं नव्हतं, खरं काम तिथून सुरू व्हायचं. आपल्याकडे खाणं बाजरीचं, पण दुकानात जे येईल ते घ्यायचं, तांदळात खडे, ज्वारीला गोदामाचा वास. दुपारी जेवणं उरकली की वाड्यातल्या सगळ्या जणी आपापलं सूप आणि परात घेऊन ओटीवर. निवडत बसायचं. ही त्यांची सभा. पुड्या बांधून आलेले पेपरचे तुकडे सुद्धा वाचले जायचे, आणि अख्खा पेपर वाचायचं काम माडीवरच्या काकूंचं, कारण त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आणि आवाज खणखणीत.

या काकूंचं सांगायला पाहिजे. त्यांना नवऱ्याने टाकलेलं होतं, म्हणजे त्याने १९४४ ला दुसरं लग्न केलं आणि या भावाच्या आधाराने माडीवरच्या एका खोलीत राहायच्या. सकाळी दोन घरी पोळ्या लाटायला जायच्या. १९४६ ला मुंबई इलाख्यात कायदा झाला की हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करता येणार नाही, केली तर ते लग्नच रद्द. अख्ख्या देशासाठी हे व्हायला १९५५ उजाडलं, आपल्याकडे नऊ वर्षं आधी झालं, हे पुरवणीत यायला हरकत नव्हती. काकूंना दोन वर्षं उशीर झाला. त्या म्हणायच्या, कायदा आला गं, पण माझ्या कार्डावर आधीच खूण झालेली.

त्याच वर्षी अजून एक कायदा झालेला, की नवऱ्याने दुसरी केली तर पहिलीला वेगळं राहून पोटगी मागता येते. हे पेपरात वाचून काकू उठल्या आणि वकिलाला विचारून आल्या. वकील म्हणाला केस होईल, पण अमुक इतके पैसे आणि किती वर्षं ते देव जाणे. त्या रात्री आजीने आपल्या वहीच्या मागच्या पानावर काकूंचा हिशोब मांडलेला आहे, तो मी डोळ्याने बघितलाय. एका बाजूला वकिलाची फी, तारखेला कोर्टात जायचं तर बुडालेली पोळ्यांची कामं, टांगा. दुसऱ्या बाजूला एकच ओळ, जुने शिंगर मशीन. शिंगर असंच लिहिलंय, म्हणजे सिंगर कंपनीचं शिलाई मशीन. दोन्हीच्या बेरजा जवळजवळ सारख्याच आल्यात आणि मशीनच्या बेरजेभोवती गोल केलाय.

मशीन आलं. आता यात आजीने बरोबर केलं की चूक ते मला आजही ठरवता येत नाही. माझी सून वकील आहे, ती म्हणाली आजींनी हक्क सोडायला लावला. असेल. पण सूनबाई, तुला महिन्याला पगार आहे.

त्या मशीनवर पहिलं काय शिवलं माहितीये, कोट. लढाईनंतर देवळाली कॅम्पमधून मिलिटरीचं उरलेलं सामान बाजारात यायला लागलं, त्याला सगळे डिस्पोजलचा माल म्हणायचे. पत्र्याचे मग, मच्छरदाण्या, बूट, आणि करड्या रंगाची जाड ब्लँकेटं. आजीने एक ब्लँकेट घेतलं, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेऊन दोनदा आपटलं, तरी त्याचा रॉकेल आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास होता तो गेला नाही. काकूंनी त्यातून माझ्या वडिलांना आणि काकांना कोट शिवले. आतल्या बाजूला मिलिटरीचा काळा शिक्का आला होता, बरोब्बर पाठीवर, तो भाग कापून टाकायला कापड उरत नव्हतं. वडील शाळेत कोट काढायचेच नाहीत, मार्च महिन्यात सुद्धा, घामाने भिजले तरी. मास्तरांना वाटायचं पोराला थंडीताप आहे. त्या कोटाचं एक बटण माझ्याकडे आहे, बाकी सगळं कसरीने खाल्लं.

नऊवारीचंही तसंच. आता सगळीकडे म्हणतात शिक्षणामुळे बायका गोल पातळ नेसायला लागल्या, मॉडर्न झाल्या. झाल्या असतील. आजीचं म्हणणं होतं की कंट्रोलच्या दुकानात नऊ वार एकसलग मिळेल तेव्हा ना, पाच वार मिळालं तर पाच वार नेसायचं. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, मग त्यांचंही जुनं लुगडं विरलं आणि पुढची रांग आली.

पण हे सगळं झालं वाड्यातलं, आणि वाडा म्हणजे काही नाशिक नाही, ही चूक तुमच्या लेखाने केली तशी मी पण करायला नको. सिन्नरला घरोघर बायका विड्या वळत होत्या, इथे भद्रकालीतही होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, दिवसभर मान खाली, हजार विड्यांवर मजुरी, आणि संध्याकाळी माल घेणारा माणूस त्यातल्या मूठ मूठ विड्या छाट म्हणून बाजूला टाकणार, त्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. त्या बायका पण ‘घरीच’ होत्या. त्यांच्यासाठी वेगळा कायदा यायला १९६६ साल लागलं. येवल्याला, मालेगावला मागावर पुरुष बसायचा म्हणून विणकर तो, आणि कांड्या भरणारी बाई नुसती त्याची बायको. फाळणीनंतर देवळालीला सिंधी निर्वासितांची छावणी होती, तिथल्या बायका डोक्यावर डबा घेऊन गावात पापड विकायला यायच्या. पाहुणा आला की त्याला पाणी आणि पापड द्यायची पद्धत आजीने त्यांच्याकडून उचलली, आमच्याकडे अजून आहे. एवढ्या लांब सगळं सोडून आलेली बाई, आणि तिला आजी काय विचारते, तर पापडखार किती घालता.

हां, आणि नव्या पैशाची गंमत सांगते मग मुद्द्यावर येते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, शंभराचा रुपया. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, लढाईच्या काळातला तो भोकाचा पैसा पण चालायचा, आजी ते दोऱ्यात ओवून कमरेला लावायची. आता सोळा आण्यांचे शंभर करायचे तर आण्याला सव्वासहा येतात, पाव पैसा कोण देणार, म्हणून सरकारने तक्ता काढला. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५. आजीने तो तक्ता वहीत उतरवून घेतला आणि रात्रीतून तिच्या लक्षात आलं की चार आण्यांची भाजी एकदम घेतली तर २५ द्यावे लागतात, पण एकेक आण्याची चार वेळा घेतली तर २४ च. दुसऱ्या दिवशी मखमलाबादची भाजीवाली आली, तिच्याकडून आजीने मेथी घेतली, पैसे दिले, मग गवार घेतली, पैसे दिले, मग वांगी. भाजीवाली बघत राहिली. आणि चौथ्यांदा म्हणाली, माय, तुला कोथिंबीर पैशाची लागती ना रोज? मग ती बी सुटी घे, पैशाला दोन नवे पडतात, चारदा घे. म्हणजे पैशा-पैशाची चारदा घेतली की आठ नवे पैसे जातात, जिथे आण्याचे सहाच. एकही इयत्ता न शिकलेली बाई! आजी म्हणायची मला त्या दिवशी जोडीदार भेटली. दोघींनी तिथेच ओट्यावर ठरवलं की भाजी चार आण्यांची एकदम, पण कोथिंबीर आण्याचीच, ती शेजारणीत वाटून घ्यायची. सरकारचा दशमान पद्धतीचा कारभार आमच्या वाड्यात असा लागू झाला.

आता मुद्दा. नावाचा.

त्या सात वह्यांवर नाव नाही. रेशनकार्डावर आजोबांचं, घासलेटच्या पावतीवर आजोबांचं, डिस्पोजलच्या ब्लँकेटच्या पावतीवर सुद्धा आजोबांचं, आणि आजोबा आयुष्यात कधी त्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत. फक्त पहिल्या वहीच्या आतल्या पानावर पेन्सिलने एक नाव लिहून खोडलंय. मी खूप वेळ बघत बसले तरी ओळखीचं वाटेना. आजीचं नाव मला माहीत होतं, ते हे नव्हतं. मग आत्याला फोन केला तेव्हा कळलं की ते तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि जुनं संपलं, १९३६ साली, सोळाव्या वर्षी.

पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या करायला माणूस वाड्यात आला होता ते पण आत्यानेच सांगितलं. तुम्हाला माहीत असेलच, त्या वेळी देशात कितीतरी बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई असंच सांगितलं, आणि असली नोंद चालणार नाही म्हणून सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या, त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या. आमच्या वाड्यात उलटं झालं. आजीला तो माणूस विचारतो नवऱ्याचं नाव काय, आता ते कसं घेणार, उखाण्यात घेतलं तर तो सरकारी माणूस काय म्हणेल, म्हणून ती गप्प. शेवटी माझे वडील आठनऊ वर्षांचे, ते आतून मोठ्याने ओरडले बापाचं नाव. मग त्याने विचारलं, बाई तुमचं? आणि आजीने माहेरचं नाव सांगितलं. का सांगितलं ते कोणाला कळलं नाही, तिने कधी बोलून दाखवलं नाही.

हे उघडकीला आलं जानेवारी १९५२ मधे, मतदानाच्या दिवशी. बायकांची रांग, आजीच्या मागे तिच्या सासूबाई, त्यांच्या मागे माडीवरच्या काकू. आत टेबलावरच्या माणसाने यादीतून नाव पुकारलं, आणि सासूबाई मान वळवून इकडे तिकडे बघायला लागल्या की ही कोण बाई, पुढे का जात नाही, आमचा खोळंबा होतोय. आणि आजी पदर सारखा करून पुढे झाली. बोटाला शाई लावून घेतली, पडद्यामागे गेली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह. काकू सांगायच्या की बाहेर आल्यावर सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, हे नाव अजून आहे होय तुझं?

वहीत त्या तारखेला एक ओळ आहे. ‘मत दिले. टांगा केला नाही, चालत.’ आणि टांग्याचे वाचलेले पैसे जमेला धरलेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या पुरवणीत वाड्यांच्या चौकटी आणि नक्षीदार खांब छापाल तेव्हा एखादं पान या वह्यांना द्या. जुन्या गावात रोज एक वाडा उतरतोय आणि प्रत्येक माळ्यावर एखादी ट्रंक असतेच. लोक समया आणि तांब्याचे बंब काढून घेतात, त्याला गिऱ्हाईक आहे, वह्या मात्र रद्दीत किलोवर जातात. तुमच्या वाचकांपैकी कोणाकडे असल्या वह्या, रेशनकार्डं, दळणाचे हिशोब, हळदीकुंकवाच्या याद्या काही असेल तर त्यांना पेपरातून विचारा तरी. माझ्या सात तुमच्या माणसाला बघायला मिळतील, घरी येऊन, न्यायला नाही देणार. मशीनच्या हिशोबाचं पान मुलाने मोबाईलवर काढलंय, ते सोबत पाठवते.

आणि एक विनंती, माझं नाव छापू नका. माहितीये, इतका वेळ नावावरून बोलतेय आणि स्वतःचंच लपवतेय, पण त्या बिल्डरशी आमचा पार्किंगवरून वाद अजून मिटलेला नाही आणि आमचे हे म्हणतात की आत्ता पेपरात नको. तुमच्या नियमाप्रमाणे पत्राखाली काहीतरी नाव लागत असेल तर आजीचं ते पेन्सिलने खोडलेलं नाव टाका, वेगळ्या मेलमधे पाठवलंय. पहिलं अक्षर ऱ्हस्व आहे, दीर्घ करू नका.

आपली नेहमीची वाचक,
पंचवटी, नाशिक